कॅबिनेटमधली बाई

हे सांगावं की नको, या विचारात मी बरीच वर्षं काढली. पण तुम्ही घरचेच. चहा घ्या, आणि माझी फजिती ऐका.

तेव्हा आम्ही भाईंदर पश्चिमेला नवीनच राहायला आलो होतो. गेम खेळायला तगडा कॉम्प्युटर हवा म्हणून मी सुटे भाग विकत आणले. दुकानदार म्हणाला, "जोडून देऊ का?" मी म्हणालो, "छे, मला येतं." चुकलो ते इथेच.

बायको, सुनीता, जवळच्याच डोंगरी गावात माहेरी गेली होती. रविवारी दुपारी मी मदरबोर्डचं खोकं उघडलं. अंगातल्या विजेनेसुद्धा बोर्ड मरतो, असं दुकानदाराने बजावलेलं. म्हणून चंदेरी पिशवीतून तो काढताना ती वीज उतरवायला मी दर मिनिटाला खिडकीच्या गजाला हात लावत होतो. समोरच्या इमारतीतल्यांना काय वाटलं असेल, देव जाणे. खोक्यात वायरी होत्या, स्क्रू होते, पत्र्याची एक चौकट होती आणि एक जाडजूड पुस्तक. पुस्तक बाजूला ठेवलं. येतंय म्हटल्यावर वाचायचं कशाला?

बोर्ड कॅबिनेटमध्ये बसवला, वायरी खोचल्या, स्पीकर जोडले आणि बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन काळीच. आणि घरात एक बाई बोलली.

शांत आवाजात, इंग्रजीत, एकच वाक्य. मागे वळून पाहिलं, कोणी नाही. स्वयंपाकघर पाहिलं, बाथरूम पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. तेवढ्यात ती पुन्हा बोलली. काय बोलली म्हणता? अहो, घाबरलो की मला मराठीसुद्धा कळत नाही, ते तर इंग्रजी होतं.

मी बनियनवरच जिन्यात पळालो.

समोरच्या हंसाबेन दारात उभ्या होत्या. "शुं थयुं, भाई?"

"घर में कोई औरत है," मी कसाबसा म्हणालो.

आतून आवाज आलाच. हंसाबेननी माझ्या बनियनकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, त्याही घाबरल्या. त्यांनी आत जाऊन सुनीताला फोन केला होता.

तासाभराने खाली रिक्षा थांबली. सुनीता आणि तिचा भाऊ वर आले, तेव्हा मी पायरीवरच बसलेलो.

"दाजी, आत कोण हाय?" भावाने बाह्या सरसावत विचारलं.

"बाई आहे रे. पण दिसत नाही."

सुनीताने माझ्याकडे रोखून पाहिलं. आता मला दोन बायकांची भीती वाटायला लागली.

ती सरळ आत गेली. पलंगाखाली नाही, कपाटात नाही. मग स्पीकरजवळ वाकली, ऐकलं, आणि ते जाडजूड पुस्तक उघडून दोन पानं वाचली.

"हा बोर्डातलाच आवाज आहे, जोडणीत चूक झाली की बोलतो. मेमरी बसवलेली नाही, असं सांगतेय ती," सुनीता म्हणाली. "तासभर सांगतेय."

मेमरीची पट्टी दुकानाच्या पिशवीतच राहिली होती. भाऊ सोफ्यावर बसून पोट धरून हसायला लागला. सुनीताने वीज बंद केली, पट्टी खटकन बसवली आणि बटण दाबलं. बाई काहीतरी बोलली आणि स्क्रीन उजळली.

"आता काय म्हणाली?" मी दारातूनच विचारलं.

"सगळं ठीक आहे म्हणाली. हा आवाज बंद करायची सोय आहे, इथे लिहिलंय."

"मग कर ना बंद."

"राहू दे," सुनीता पुस्तक मिटत म्हणाली. "मी माहेरी गेले की तुमच्या चुका सांगायला घरात कोणीतरी हवं."