जिन्यावरचं लाल बटण

स्टेफ्का ह्रित्साक म्हणजे आमच्या गल्लीतली सगळ्यात हट्टी बाई. जन्मभर शाळेची बस हाकली, आमच्या यॉर्कटन गावच्या बर्फात एकदाही खड्ड्यात घातली नाही, त्यामुळे आपल्याला सगळं जमतं असा तिचा समज. नवरा ओरेस्ट भ्रमिष्ट झालाय. मुलगी म्हणते, बाबांना वृद्धाश्रमात ठेव. डॉक्टरही तेच म्हणतात. ही कुणाचं ऐकेल तर शपथ. "तो इथंच राहणार," विषय संपला.

त्या जानेवारीच्या दुपारी बाहेर उणे सदतीस होतं. मी तिचं बोर्श्टचं, म्हणजे बिटाच्या सूपचं, पातेलं परत द्यायला गेले, तर घर गारठलेलं आणि तळघरात खडाड खडाड आवाज. ओरेस्ट हाती लागेल ते जमिनीतल्या हवेच्या जाळीतून खाली टाकतो. हवेची गाळणी तुंबली म्हणून या बयेने ती काढूनच ठेवलेली. मग काय, टाकलेलं सगळं थेट घर तापवणाऱ्या भट्टीच्या पंख्यात.

"मेकॅनिकला बोलव," मी तळघरात उतरून म्हटलं.

"तो संध्याकाळी येणार. तोवर पाणी गोठून नळ फुटतील, नि ओरेस्ट काकडून मरेल. तू इथं उभी राहा आणि तोंड बंद ठेव."

भट्टीचं दार उघडलं की पंखा आपोआप थांबतो. पण खडखड कुठून येते ते बघायला तिने पंखा सतत फिरता ठेवून दारामागची कळ चिकटपट्टीने दाबून टाकली होती, आणि ती पट्टी तशीच राहिली. हा गाढवपणा इकडे सगळेच करतात, माझ्या नवऱ्यानेही केलाय. भट्टीची वीज तोडणारं जिन्याच्या वरचं लाल बटण तेवढं तिने आधी बंद केलं.

तिने कोपरापर्यंत हात आत घातला. "मोजा आहे. चमचापण अडकलाय."

तेवढ्यात वर पावलं वाजली. दिवा जळताना दिसला की तो मालवायचा, ही ओरेस्टची आयुष्यभराची खोड. आणि दिव्याचं बटण लाल बटणाला खेटूनच.

"ओरेस्ट, कशाला हात लावू नकोस हं," स्टेफ्का गोड आवाजात म्हणाली, बसमधल्या पोरांशी बोलायची तशी. "राजा, तिथंच थांब."

"फुकट कशाला जाळता?" तो म्हणाला, आणि त्याने दोन्ही बटणं एकदम उलटी केली.

मिट्ट काळोख झाला, आणि त्या काळोखात पंखा सुरू झाला. मी तिला कमरेला धरून मागे ओढलं, दोघी फरशीवर आपटलो. ती ओरडली नाही.

"हात आहे का गं? बोल ना मेले, हात आहे का?"

"आहे."

मी चाचपडत जिना चढले, लाल बटण बंद केलं, दिवा लावला. ओरेस्ट माझ्याकडे बघून हसला. खाली स्टेफ्काच्या स्वेटरची बाही फाटून गेली होती, मनगट सोलवटलं होतं, पण बोटं पाचही होती. तिने मोजा उपसला, चमचा काढला, पट्टी ओरबाडली, दार लावलं.

घर तापायला लागलं तेव्हा ती स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसली. "त्याची पावलं वाजली ना, तेव्हा मला त्याची भीती वाटली गं. माझ्याच नवऱ्याची."

तिने ओरेस्टच्या गुडघ्यांवर शाल घातली, त्याचे केस सारखे केले आणि फोन माझ्या हातात दिला.

"मुलीला तू सांग," ती म्हणाली. "माझ्याच्याने सांगवणार नाही."