सबनीसांच्या फ्रिजमध्ये माझं डोकं

माझ्या मुलीचं लग्न एका ग्लास बिअरमुळे मोडता मोडता राहिलं, आणि ती बिअर मी प्यायले होते.

मी काही दारुडी नाही. (असं दारुडेच म्हणतात, ठाऊक आहे मला!) आमचं घर रायपूरला चौबे कॉलोनीत, माहेर अमरावतीचं, हे सरकारी नोकरीत. उन्हाळ्यात रविवारी दुपारी जेवणाआधी हे बिअरची एक बाटली उघडायचे आणि त्यातला एक ग्लास माझ्यापुढे सरकवायचे. ग्लास स्टीलचा, म्हणजे खिडकीतून शेजारच्या काकूंना वाटावं, ताक आहे. असा नेम बारा वर्षं चालला. या बारा वर्षांत त्या एका ग्लासानं माझा केसही हलला नव्हता. प्यायचं, उठायचं, पोळ्या लाटायच्या. गोल!

मग आमचं राज्य मध्य प्रदेशातून वेगळं निघालं आणि रायपूर राजधानी झालं. भोपाळहून साहेब लोक आले, त्यांच्यामागे त्यांच्या पार्ट्या आल्या. बाकीच्या बायका कोल्ड्रिंकच्या ग्लासाला पेपर नॅपकिन गुंडाळून कोपऱ्यात बसायच्या. मी आपली बिअर घेऊन मधोमध, ताठ. एकदा मोठ्या साहेबांच्या मिसेस यांना म्हणाल्या, "भाईसाब, आपकी मिसेस की कपॅसिटी बहुत अच्छी है!" हे वाक्य मी माहेरी कळवलं नाही, पण मनातल्या मनात फ्रेम करून भिंतीला लावलं.

एकोणपन्नासावं लागलं आणि सगळं फिसकटलं. अंगात कोणीतरी शेगडी पेटवायचं आणि निघून जायचं. बसल्या जागी कानशिलं तापायची, पाठीवरून घामाची धार लागायची. पाळी तीन महिने गायब व्हायची, मग न कळवता आलेल्या पाहुण्यासारखी आठ दिवस मुक्काम ठोकायची. मी फोनवर आईला सगळं सांगितलं. आई शांतपणे म्हणाली, "शालू, आता जायची वेळ झाली तुझी." नेमका याच वेळी ह्यांनी दुसऱ्या खोलीतला फोन उचलला होता! हे पांढरेफटक पडून बाहेर आले. आईला पाळी जायची वेळ म्हणायचं होतं, हे समजावून सांगेपर्यंत माझाच चहा गार झाला.

आता त्या रविवारची गोष्ट. नेहमीची बिअर, नेहमीचा ग्लास. अर्धा ग्लास संपला आणि मला फोडणीचं हसू यायला लागलं. मोहरी तडतडली की मी खदखदा! मग एकदम भट्टीत घातल्यासारखं झालं, चेहरा लालबुंद. दिवाणावर जी आडवी झाले ती घामानं निथळतच उठले, आणि डोकं असं ठणकत होतं की पंख्याचाही राग यावा.

"अहो, बिअर कडक झाली," मी म्हणाले.

"तीच आहे."

"मध्य प्रदेशात होतो तेव्हा नव्हती अशी चढत."

"शालू, राज्य बदललं, बिअर नाही बदलली."

"काहून नाही बदलणार? सगळ्या ऑफिसांच्या पाट्या बदलून राहिले ना!"

हा माझा सिद्धांत मी पुढचे दोन महिने उराशी धरला होता. दोष नव्या राज्याचा होता. माझा नव्हता, माझ्या वयाचा तर मुळीच नव्हता.

अशातच मुग्धाला सबनीसांचं स्थळ आलं. मुग्धा आमची एकुलती एक, कॉलेजात गणित शिकवते. सबनीस म्हणजे भोसल्यांच्या काळापासून रायपुरात राहिलेलं घराणं. वडील वनखात्यातून नुकतेच निवृत्त झालेले, आई विमलताई, आणि मुलगा निखिल, मराठीत विचारलं तर हिंदीत उत्तर देणारा. आमच्या घरी येऊन मुग्धाला पाहून गेले होते. मग त्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं. सदर बाजाराच्या मागं त्यांचं घर. एप्रिलची दुपार. आम्ही सोबत डबाभर सांभारवडी, म्हणजे आमच्या वऱ्हाडाकडची कोथिंबिरीची तळलेली वडी, नेली होती. "मुग्धानं स्वतः केली हो," मी दारातच सांगून टाकलं. (खरं तर आमच्या कॉलोनीतल्या एक काकू ऑर्डर घेतात. पण अशा वेळी कोण खरं सांगतं!)

सबनीससाहेबांनी बिअर काढली. यांच्या ग्लासात ओतली आणि सहज विचारलं, "वहिनी, तुम्ही घेता?"

मुग्धानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. पण मला साहेबांच्या मिसेसचं ते वाक्य आठवलं. ही माणसं जुन्या घराण्यातली, आपण मागासलेले दिसायला नको.

"चालते मले," मी म्हणाले.

एक ग्लास. वर चार घोट आग्रहाचे. बस्स!

दहा मिनिटांत शेगडी पेटली. कूलर अगदी समोर होता, पण माझ्यापर्यंत पोचेपर्यंत त्याच्या वाऱ्याची वाफ होत होती. सबनीससाहेब बस्तरच्या जंगलातल्या अस्वलाची गोष्ट सांगत होते आणि मला त्या अस्वलाच्या अंगावरच्या केसांनी गुदमरल्यासारखं झालं. "जरा पाणी पिऊन येते," म्हणून उठले आणि स्वयंपाकघरात शिरले. तिथं कोणी नव्हतं. फ्रिज होता. मोठा, दोन दारांचा.

मी दार उघडलं. तो गारवा चेहऱ्यावर आला आणि मला अक्षरशः रडू फुटलं. इतक्या प्रेमानं कित्येक महिन्यांत माझ्याशी कोणी वागलं नव्हतं! मी खाली बसकण मारली आणि डोकं आत घातलं. थोडं, मग मानेपर्यंत.

विमलताई पापड तळायला आल्या तेव्हा मी त्यांच्या दुधाच्या पातेल्याला गाल लावून बसले होते.

"अवो ताई! काय होऊन राहिलं तुम्हाले?"

"काही नाही. मले इथंच राहू द्या."

"डॉक्टरले बोलावू का?"

"विमलताई, तुमचा फ्रिज फार चांगला आहे हो. लगेच मनात घर करते."

"हव?" त्या बिचाऱ्या म्हणाल्या.

इथं थांबले असते तरी निभावलं असतं. पण माझी जीभ सुटली होती. "तुमचा पोट्टा चांगला आहे," मी फ्रिजच्या आतूनच सुरू केलं, "पण हसत नाही. मास्तरानं बाकावर उभं केल्यासारखा बसते. अन् एक सांगू? ती सांभारवडी मुग्धानं नाही केली. विकतची आहे. पोट्टी गणिताची लेक्चरर, पण कुकरच्या शिट्ट्या मोजता येत नाहीत तिले! तीन म्हटलं तर सात होऊ देते. आमच्या घरी वरणाचा कसा लापशीसारखा गोळा होते, ते पाहायले या एक दिवस!"

मग मी बर्फाचा ट्रे काढून मानेवर पालथा घातला, असं मला नंतर कळलं. यापुढचं मला आठवत नाही. आठवतो तो थेट मुग्धाचा आवाज.

"मम्मी! मम्मी, उठो! ये हमारा फ्रिज नहीं है!"

डोळे किलकिले केले तर माझा गाल भाजीच्या खणातल्या फुलकोबीवर टेकलेला होता. दारात सगळे उभे. निखिल घाबरून विचारत होता, "आंटी को चक्कर आया क्या?"

"बीपी आहे हो तिला," हे घाईघाईनं म्हणाले.

"नाही," मी डोळे मिटूनच सांगितलं, "बिअर आहे."

जेवण कसं झालं, विचारू नका. परतताना मुग्धा गाडीत पुढं बसली आणि चौबे कॉलोनी येईपर्यंत काचेबाहेर बघत राहिली. घरात शिरताना एकच वाक्य बोलली, "मुझे पसंद था वो, मम्मी." होता! पोरगी ओरडली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. पण ती आपल्या खोलीत गेली आणि विद्यार्थ्यांच्या वह्या तपासत बसली. त्या आठवड्यात कोणा पोराला चांगले मार्क मिळाले असतील असं मला वाटत नाही.

सबनीसांकडून फोन नाही. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. आपण करावा, तर काय म्हणून करावा? 'फ्रिज नीट चालू आहे ना,' असं विचारायचं? मी त्या चार दिवसांत फोनवरची धूळ इतक्यांदा पुसली की त्यावरचे आकडे फिके झाले.

यांनी बिअर बंद केली. माझीच नाही, स्वतःचीही. म्हणजे परिस्थिती किती गंभीर होती बघा! आणि माझी खात्री पटली की माझ्या डोक्यात गाठ आहे. बारा वर्षं पचलेला ग्लास असा उलटतो, आठवण जाते, फोडणीचं हसू येतं, फुलकोबीवर झोप लागते. दुसरं काय असणार! मी मनातल्या मनात मुग्धाला दागिने वाटून दिले, यांच्यासाठी स्वयंपाकाला बाई ठरवली (पन्नाशीच्या पुढची!) आणि पाचव्या दिवशी एकटीच डॉक्टरीणबाईंकडे गेले.

बाहेरच्या बाकड्यावर एक बाई मासिकात तोंड खुपसून बसल्या होत्या. मासिक उलटं होतं. त्यावरूनच मला संशय आला. मासिक खाली झालं.

विमलताई!

दोघीही एकदम उभ्या राहिलो, दोघीही एकदम बसलो.

"तुम्ही?" मी म्हणाले.

"तुमचं पाहूनच आली मी," त्या हळूच म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, मले असंच होऊन राहिलं. भट्टी लागते, घाम फुटते. मले वाटे, मीच पागल झाली. घरी सांगू कोणाले? दोन्ही माणसंच."

"अन् फोन काहून नाही केला?"

"कोणत्या तोंडानं करू? पाहुणी घरी जेवायले आली अन् जमिनीवर झोपली. मी तुम्हाले उठवायचं सोडून तुमच्याच बाजूले बसली." त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मीपण डोकं घातलं आत. पाच मिनिटं. इतकं बरं वाटलं ताई! तिकडं कढईत पापड जळून कोळसा झाले. धूर पाहूनच तर सगळे धावत आले ना! आमचे हे म्हणाले, असं घर पाहून ते लोक कशाले होकार देतात आता!"

चार दिवस ते आमच्या फोनची वाट बघत होते! मला हसू आवरेना. या खेपेला बिअर न पिता!

आम्ही दोघी एकदमच आत गेलो. डॉक्टरीणबाई नागपूरच्या, तोंडाच्या फटकळ. त्यांनी माझी सगळी कहाणी ऐकली, बीपी घेतलं, डोळे पाहिले, रक्त तपासायला लिहून दिलं.

"गाठ आहे ना?" मी विचारलं. "स्पष्ट सांगा. मी तयारीनं आली."

"गाठबीठ काही नाही. पाळी जायचे दिवस आहेत हे तुमचे. या वयात अंगातलं पाणी कमी होते. पहिले तुमची बिअर बादलीभर पाण्यात मिसळे, आता तांब्याभर पाण्यात मिसळते. ग्लास तोच, चढणार जास्त. वरून दारूनं कित्येक जणींले ह्या गरम वाफा आणखी येतात, झोपेचं खोबरं होते ते वेगळंच."

"पण मी तर झोपेसाठीच घेत होती!" विमलताईंच्या तोंडून निघून गेलं.

मी त्यांच्याकडे वळून पाहिलं. डॉक्टरीणबाईंनीही चष्म्यावरून पाहिलं.

"दोन झाकणं," विमलताई पुटपुटल्या. "ह्यांची ब्रँडी. दुधात. कधी चार."

"डोळा लवकर लागते, अन् तीन वाजता टक्क उघडते. बरोबर?"

"हव!" विमलताई इतक्या आनंदानं ओरडल्या की बाहेरची नर्स डोकावली.

सल्ला सोपा होता. सध्या दोघींनीही बंद करायचं. पुढं कधी वाटलंच तर भरल्या पोटी दोन-चार घोट, जुन्या मापाच्या भरवशावर राहायचं नाही. वाफांचा त्रास फार झाला तर अंगावर काढायचा नाही, औषधं आहेत. "अन् ही काही लपवायची गोष्ट नाही," त्या म्हणाल्या. "घरच्या माणसांले सांगा."

बाहेर आल्यावर कितीतरी महिन्यांनी मला रस्ता रस्त्यासारखा दिसला. मरायचं नव्हतं! वेडंही व्हायचं नव्हतं! यांना घरी येऊन सांगितलं, "गाठ नाही, वय आहे," तर हे दारातल्या पायरीवरच मटकन बसले. माझं वय ऐकून एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्याच संध्याकाळी सबनीसांचा फोन आला. मुलगी पसंत आहे, कुकरची काळजी करू नका, शिट्ट्या निखिल मोजेल. आणि विमलताईंनी त्या सांभारवडीवाल्या काकूंचा पत्ता मागितला. मुग्धानं फोन ठेवला आणि येऊन माझ्या गळ्यात पडली. मला तेव्हाच नेमकी गरम वाफ आली होती, पण मी तिला बाजूला केलं नाही.

साखरपुड्याला सबनीससाहेबांनी पाहुण्यांसाठी पिण्याचीही सगळी सोय केली होती. मी मात्र फक्त लिंबू सरबत घेतलं. सगळ्यांची नजर माझ्यावर होती आणि मी दाखवून देणार होते की ही बाई पूर्ण शुद्धीत आहे. आरतीचं ताट घेतलं, पदर खोचला, गर्दीतून वाट काढत गेले आणि शेरवानी घातलेल्या जावईबापूंना झोकात ओवाळलं. कुंकू लावलं, पेढा भरवला, डोळ्यांत पाणी आणून म्हटलं, "आमच्या लेकीला सांभाळा हो."

मागून मुग्धाचा आवाज आला, "मम्मी, ये निखिल के मामाजी हैं."

मामाजी पंचावन्न वर्षांचे होते, त्यांच्या तोंडात पूर्ण पेढा होता, आणि दोष द्यायला माझ्यापाशी या वेळी काही म्हणजे काहीच नव्हतं!