सुनेला शून्य मार्क

बायको गेली आणि आमच्या कुंभकोणम्च्या घरातली मराठी बंद पडली. मुलगा आहे, पण तो दिवसभर बँकेत तमिळ बोलून येतो आणि घरी माझ्या मराठीला तमिळमध्येच उत्तर देतो. सून तर तमिळ घरचीच. मी आणि बायको तिच्यासमोर मराठीत बोलायचो, ते तिला कळू नये म्हणून. आता चोरून बोलायलाही कोणी उरले नाही. कैक दिवस मी भिंतीकडे तोंड करून निजून काढले. मग ठरवले, सुनेला मराठी शिकवायची. मज मराठीत उत्तर देणारे एक माणूस या घरात पाहिजे, नाहीतर मी मुका होऊन मरणार.

शिकवणे मज काय ठाऊक. शाळा पाचवीपर्यंत, तीही तमिळ. ही मराठी अक्षरेसुद्धा बायकोने हात धरून गिरवून घेतली. पण परीक्षा कशी घेतात ते ठाऊक होते, कारण आमच्या मास्तरांनी शिकवले कमी आणि परीक्षाच जास्त घेतल्या.

रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसू लागलो. सून गॅसपुढे, मी दारात. हे वांगे, हे मीठ, ही पळी, असे दाखवून सांगायचे आणि दुसऱ्या दिवशी मागायचे. मीठ माग, ती हिंग देणार. पळी माग, विळी देणार. एकदा वांगे मागितले तर तिने माझ्या हातात केरसुणी ठेवली आणि शहाण्या मुलीसारखी शाबासकीची वाट बघत उभी राहिली.

मुलगा म्हणाला, "अप्पा, तिला हो-नाहीची परीक्षा द्या. आम्हाला बँकेत तशीच असते. फार बोलावे लागत नाही." हेही तमिळमध्येच सांगितले.

मग मी दहा वाक्ये तयार केली. ती एकेक म्हणायची, आणि खरे असेल तर सुनेने हो म्हणायचे, खोटे असेल तर नाही. कावळा पांढरा असतो. हो. कुंभकोणम् समुद्रात आहे. हो. मी तुझा सासरा आहे. नाही. आज तू इडली केलीस. नाही, आणि हे इडलीचे भांडे उतरवता उतरवता. दहाच्या दहा चुकली. शून्य मार्क. "माझ्या डोक्यात जात नाही, मामा," ती तमिळमध्ये म्हणाली. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाच म्हणते. "उद्या परत घ्या."

दुपारी झोपाळ्यावर पडलो आणि ते शून्य काही डोक्यातून जाईना. मी शाळेत पक्का ढ. तरी हो-नाही विचारले की माझी निम्मी उत्तरे बरोबर यायची, नुसती ठोकून. दारावर नंदीबैल येतो, त्याला विचारले तरी मान हलवून चार-पाच बरोबर देईल. ज्याला काहीच येत नाही, त्याची सगळी चुकत नाहीत. सगळी चुकवायची तर सगळे यावे लागते.

दुसऱ्या दिवशी परीक्षा आहे असे सांगितलेच नाही. पाटावर बसलो, तोंड भिंतीकडे केले आणि बायकोशी बोलावे तसा मराठीत पुटपुटलो, "काय सांगू तुला. हिचे रसम म्हणजे भांडी धुतलेले पाणी."

मागून पळी आपटली. "मग काल तीन वेळा मागून कोणी घेतले?"

मराठीत. आणि ठसका अगदी बायकोचाच. मी हळूच तोंड वळवले.

"तुज कधीपासून येते?"

"लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून. तुम्ही दोघे माझ्या समोर बसून माझ्याविषयीच बोलत होता. एवढी शिकवणी कोण कोणाला देते? माझ्या आईचा चकलीसारखा कडक मुरुक्कू चावून तुमचा दात हलला, तेही कळले."

"हलला होता. खोटे नाही."

"तो आधीच हलत होता. अत्तैंनी सांगितले मज."

अत्तै म्हणजे तिची सासू, माझी बायको. "तीस ठाऊक होते, तुज येते म्हणून?"

"ठाऊक काय, तुम्ही बाजारात गेलात की आम्ही दोघी मराठीतच बोलायचो. फाटक वाजले की तमिळ. त्या म्हणाल्या, ह्यांना सांगू नकोस, ह्यांचे तोंड बघून मज हसू येते."

म्हणजे सुनेविषयी काही बोललो की बायको पदर तोंडाला लावून हसायची, ते माझ्या विनोदाला नव्हते. एवढी वर्षे मी स्वतःस मोठा विनोदी समजत होतो. मोठी लबाड बाई. आता भांडायचे तर कोणाशी भांडू?

मी विचारले, "मग काय म्हणून नापास होत राहिलीस?"

सून रसमावर फोडणी ओतत होती. चुरचुर थांबल्यावर म्हणाली, "पास झाले असते तर परीक्षा संपली असती. तुम्ही परत भिंतीकडे तोंड करून निजला असता."

धुराने डोळे चुरचुरले, असे म्हणालो. ती म्हणाली, गॅसचा कसला धूर.

"निकाल सांगा आता," ती म्हणाली.

"नापास."

"कशात?"

"रसमात. उद्या सकाळी परत बस."

त्यावर ती मराठीत जे म्हणाली ते चांगले लांबलचक होते आणि इथे लिहिण्यासारखे नाही. मी मात्र ऐकताना एकही शब्द चुकू दिला नाही.