हेलनच्या नावाचा नारळ

डोंगर उतरून बसने शेवटचं वळण घेतलं, खाली बंदर दिसलं आणि माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कोण गेलं रे?"

शेजारी बसलेला सुधीर माझ्याकडे बघतच राहिला. सुधीर माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. अमेरिकेत ऑरेगनमधल्या एका विद्यापीठात माशांवर संशोधन करतो. पुण्यात वाढलेला, त्याला काय कळणार! माझं लहानपण वेंगुर्ल्याचं. आमच्याकडे उघडिपीच्या दिवसात सगळ्या होड्या किनाऱ्याला दिसल्या, तर गावात मयत झालेलं असतं. इथे जुलैचं लख्ख ऊन होतं, समुद्र ताटात ओतलेल्या पाण्यासारखा निवांत होता आणि तीसेक बोटी धक्क्याला बांधून ठेवलेल्या होत्या.

"कोणी गेलं नाही मावशी. गव्हर्न्मेंटनं सीझन क्लोज केलाय. सॅमन पकडायला बंदी."

सॅमन म्हणजे आपल्या रावसाचा इथला थोरला चुलत भाऊ म्हणा. खरं नातं काही नाही, पण चवीला तोच मान. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा नदीत शिरतो. सुधीरने सांगितलं की नद्यांवर धरणं झाली, काठची झाडं तुटली, त्यात मध्ये समुद्रही तापला. परत येणारे मासे कमी झाले, म्हणून ऐंशी सालानंतर दर वर्षी बंदीचे दिवस वाढतच चाललेत.

"मग बरोबरच आहे की," मी म्हटलं. आमच्याकडेही नारळी पुनवेपर्यंत होड्या वर ओढलेल्याच असतात. बसमध्ये बसून असं म्हणायला काही लागत नाही.

मग गावात पाय ठेवला. मासे डब्यात भरायच्या कारखान्याला कुलूप होतं. बर्फाच्या कारखान्याच्या दारात गवत उगवलं होतं. भर दुपारी धडधाकट पुरुष धक्क्यावर बसून कोऱ्या करकरीत दोऱ्या पुन्हा पुन्हा गुंडाळत होते. खाणावळीत मी हौसेने मासा मागवला. वाढणारीने बशी ठेवली आणि स्वतःहूनच म्हणाली, "इथला नाही हं. अलास्काहून आलाय, बर्फातला." बंदरात बसून परगावचा शिळा मासा खायचा! मी बशी बाजूला सारली.

आमचा मुक्काम हेलनकडे होता; माशांच्या नोंदी घ्यायला सुधीर तिच्या बोटीवर जायचा. वय पंचावन्नच्या आसपास, दंड आमच्याकडच्या वल्हं मारणाऱ्या गड्यासारखे. पहिल्याच भेटीत तिने मला "शांता" म्हणून हाक मारली. अशी हाक आई गेल्यापासून कोणी मारली नव्हती. तिच्या नवऱ्याने स्वतःच्या हाताने बांधलेली बोट तो गेल्यावर ती एकटी चालवत होती.

"उद्यापासून तीन दिवस बंदी उठवलीय," ती म्हणाली. "पण फक्त किंगसाठी. सिल्व्हर बोटीवर ठेवायचा नाही."

किंग आणि सिल्व्हर या सॅमनच्या दोन जाती. सिल्व्हर फार घटलेला. "एक जरी सिल्व्हर सापडला तरी परवाना जाऊ शकतो, आणि गेलेला परवाना पुन्हा मिळेल याचा भरवसा नाही," ती म्हणाली. "मग ही बोट म्हणजे नुसतं लाकूड."

"मावशी, प्लीज, उद्या तू कशाला टच करू नकोस," सुधीर मला बजावून म्हणाला. मासे खाण्यात माझा जन्म गेला आणि हा मला शिकवतो, म्हणून मला रागच आला.

पहाटे आम्ही निघालो. बोटीच्या दोन्ही अंगांना लांब काठ्या, त्यांना तारा, तारांना गळ. जाळं नाही, एकेक मासा हाताने ओढायचा. पहिला मासा वर आला तसा मी सवयीने त्याचा कल्ला उचलून बघितला. लालभडक. "ताजा आहे!" मी म्हटलं. हेलन हसली. "इथे कल्ला कोणी बघत नाही. हे बघ." तिने माशाचं तोंड उघडलं. हिरड्या काळ्या असतील तर किंग, तो ठेवायचा. दातांच्या मुळाशी पांढुरकी रेघ असेल तर सिल्व्हर, तो सोडायचा.

पुढच्या दोन तासांत काळ्या हिरड्या तीन निघाल्या आणि पांढऱ्या अकरा. सोडलेले काही शेपटी मारून पळाले. पण काहींनी गळ खोल गिळला होता. हेलन तो अलगद काढायची, तरी कल्ल्यातून रक्त यायचंच. तो मासा पाण्यात टाकला की उलटा होऊन तरंगायचा आणि समुद्रपक्षी तुटून पडायचे.

"अगं, मेला तो! मेलेला मासा परत का टाकतेस?"

"ठेवायची परवानगी नाही."

"पण तो आता नदीत थोडाच जाणार आहे?"

"ते मला माहीत आहे, शांता." तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सुधीर वहीत आकडे लिहीत होता. त्याची मान खाली होती.

आमच्या घरात ताटात उष्टं टाकलेलं चालत नसे. इथे हाताहाताएवढे सोन्यासारखे मासे मारून पक्ष्यांपुढे फेकत होते. हा कुठला कायदा! मला भडभडून आलं. तेवढ्यात एक सिल्व्हर गळातून सुटून माझ्या पायाशी पडला, दोनदा तडफडला आणि थांबला. हेलनची पाठ होती. सुधीर पलीकडे होता. माझ्या कापडी पिशवीत शाल होती, आमसुलं होती. मी एक वेळ पासपोर्ट विसरेन, पण आमसुलं विसरणार नाही. मी मासा उचलला, शालीत गुंडाळला आणि पिशवीत घातला. देवाशपथ सांगते, त्या घटकेला मला पुण्य केल्यासारखं वाटलं. संध्याकाळी हेलनला आमटी करून वाढायची, असंही मनात ठरवून टाकलं.

धक्क्यावर मासेमारी खात्याचा अधिकारी उभा होता. चाळिशीचा, हातात फूटपट्टी. हेलनची चांगली ओळख दिसली. त्याने तिन्ही मासे मोजले, तोंडं उघडून हिरड्या बघितल्या. "छान," म्हणाला. मग त्याची नजर माझ्या पिशवीवर गेली. पिशवीच्या तळातून रक्ताचा थेंब पडत होता.

आदल्या रात्रीचं हेलनचं बोलणं मला तेव्हा आठवलं. मीच शाल सोडली. "माझा आहे हा," मी मोडक्या इंग्रजीत म्हटलं. "मी घेतला. हिला माहीत नाही."

त्याने हेलनकडे बघितलं. हेलन माशाकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता.

"बोट माझी आहे," ती म्हणाली. "बोटीवरचं सगळं माझं."

"हेलन, मला लिहावं लागेल. मागे सगळे बघतायत."

"लिही."

त्याने लिहिलं. मासा पुरावा म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला, त्याला चिठ्ठी बांधली. म्हणजे तो ना समुद्राला मिळाला, ना पक्ष्यांना, ना आमच्या पोटात गेला. सुधीर त्याला माझ्या देशाबद्दल, माझ्या वयाबद्दल काहीबाही समजावत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी हेलनने आम्हाला जेवायला वाढलं, अंथरुणं घातली, पण बोलली नाही. दुसऱ्या दिवशी बसपर्यंत सोडायला आली. मी हात जोडले. ती म्हणाली, "मला एकदा विचारलं का नाहीस, शांता?" आपलं बरोबरच आहे अशी माझी पक्की खात्री होती, म्हणून विचारलं नाही.

ऑगस्टमध्ये मी परत आले. पाठोपाठ सुधीरचं पत्र आलं. हेलनचा परवाना रद्द झाला होता. बोट धक्क्याला बांधलेली होती आणि गिऱ्हाईक मिळत नव्हतं, कारण तशाच आणखी दहा बोटी विकायला निघाल्या होत्या. मी हेलनला दोन पत्रं घातली. उत्तर आलं नाही.

पुढच्या वर्षी नारळी पुनवेला मी मुद्दाम वेंगुर्ल्याला गेले. बंदरावर रंगवलेल्या होड्या, ढोल, पोराबाळांची गर्दी. म्हातारा तांडेल (होडीवरचा प्रमुख) सगळ्यांचे नारळ घेऊन देवाला गाऱ्हाणं घालत होता. मी दोन नारळ दिले.

"ह्यो दुसरो कोणाचो गे?"

"हेलनचो."

"ती खयची?"

"लांबची. तिची होडी बांधून ठेवलीय."

त्याने आणखी काही विचारलं नाही. दोन्ही नारळ हातात धरून समुद्राकडे तोंड केलं. "बा देवा म्हाराजा, हेलनबायची होडी धक्क्याक बांधलेली आसा, ती परत पाण्यात जावंदे. कोणाच्या हातसून काय चुकला आसात, तर ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळं बंदर एका आवाजात ओरडलं.

लहानपणापासून मीही ओरडत आले आहे. त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.