गोविंदकाकांच्या नावापुढचं 'येतलो'

या ग्रुपवरचे किस्से मी चहा पिता पिता वाचतो आणि खाली खवचट कमेंट टाकतो, जुन्या मेंबरांना माहीत आहे. कोणी 'लाईट आपोआप लागली' लिहिलं की 'वायरमन बोलव' म्हणणारा तो मीच. असलं काही मानणं माझ्या रक्तातच नाही. तेव्हा आता माझी टर उडवलीत तरी तक्रार नाही... फक्त पूर्ण वाचा.

आमच्या गावाचं मुंबईत मंडळ आहे. गाव कुडाळकडचं, मंडळाची खोली करी रोडला चाळीत. गिरण्या चालू होत्या तेव्हा गावाहून आलेले एकटे पुरुष या खोलीत पाळीपाळीने झोपायचे. मग संप झाला, गिरण्या गेल्या, माणसं पांगली. खोली राहिली, आणि पुढे त्यात एक कॉम्प्युटर आला. त्यावर कुणा सभासदाच्या मुलाने बनवून दिलेला जुन्या जमान्यातला डेटाबेस — नाव, वाडी, गिरणी, पत्ता आणि शेवटी एक रकाना, हयात की मयत. आमचे सेक्रेटरी तात्या, गिरणीत साचेखात्यात मागांवर काम केलेले जुने कामगार, एका बोटाने हे सगळं टाईप करत आलेले.

माझी नोकरीच ही आहे. कंपन्यांचा जुना डेटा नव्या सिस्टीमवर हलवायचा. मंडळाने विचारलं, मी फुकटात हो म्हटलं. खोटं कशाला बोलू, चार लोकांत नाव होईल हेही मनात होतंच.

डेटा तपासताना एका नावापाशी अडलो. गोविंदकाका. शेवटच्या रकान्यात ना हयात ना मयत, तात्यांनी लिहिलं होतं 'येतलो'. म्हणजे आमच्या मालवणीत, येणार आहे.

गोविंदकाका संपाच्या काळात घरातून गेले ते परत आलेच नाहीत. कुठे काम बघायला गेले, की जिवाला कंटाळून गेले, कुणालाच माहीत नाही. मागे राहिली त्यांची बायको, शेवंतीकाकी. आमच्याकडे बेपत्ता माणसाची खूप वर्षं वाट बघून शेवटी दर्भाचा पुतळा करतात आणि त्यालाच अग्नी देतात. भाऊबंद काकीच्या मागे लागले होते. पण ती बधली नाही. बातमी आल्याशिवाय पुतळा करणार नाही, एवढंच म्हणायची. कपाळाला कुंकू कायम. ती राहायची त्या शेजारच्या चाळीतले सगळे बिल्डरच्या कागदांवर सही करून मोकळे झाले, ही एकटी दाराला चिकटून बसलेली.

तात्यांनी मला सांगितलं होतं, ता तसाच ऱ्हवांदे. मी म्हटलं, "तात्या, नव्या सिस्टीमला दोनच शब्द कळतात. येतलो वगैरे चालत नाही." आणि हसलो. ते हसणं आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

'हयात' नसेल ते सगळं 'मयत' अशी सूचना देऊन मी डेटा चढवला. सगळा नीट चढला. गोविंदकाकांपुढे मात्र 'येतलो'च. नव्या सिस्टीममध्ये तो शब्दच नाही हो! यादीतून दोनांपैकी एक निवडायचं, तिसरं काही लिहिताच येत नाही. परत चढवला, परत तेच. ऑफिसातल्या मित्राला दाखवलं, तो म्हणाला, हे होऊच शकत नाही. मला वैताग आला. मंडळाने नव्या सिस्टीमचं उद्घाटन ठेवलं होतं, त्या दिवशी सकाळी मी सरळ ती उघडली, हाताने 'मयत' निवडलं आणि सेव्ह केलं.

एक गोष्ट विसरलो. चालू सिस्टीममध्ये कोणाला मयत केलं की घरच्यांच्या मोबाईलवर मेसेज जायचा — 'मंडळ आपल्या दुःखात सहभागी आहे.' ही सोय मीच केलेली, आणि तिचं मला कौतुकही होतं.

कार्यक्रम चालू असताना काकी आली. मी अंगावर सत्काराची शाल घेऊन बसलेलो. मेसेज तिला शेजारच्यांनी वाचून दाखवला होता. ती रडत नव्हती. सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"बातमी खयसून इली रे?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. चूक झाली काकी, माझी चूक — एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, "मंडळाकडे तशी नोंद आली, काकी." तात्यांनी मान खाली घातली. मंडळाकडून आलं म्हणजे गावाहूनच आलं, असं काकीने धरलं. तिने पुतळा केला. बाणगंगेवर सगळे विधी झाले, मीही गेलो होतो, कुठल्या तोंडाने कोण जाणे.

घरी येऊन सिस्टीम उघडली. 'येतलो.' कोणी लॉगिन केलेलं नाही, बदल केल्याची नोंद नाही. गोविंदकाका कुठेतरी जिवंत असतील तर? मी एका जित्या माणसाला अग्नी द्यायला लावला होता.

खूप टाळाटाळ केली, शेवटी गेलो. काकी ट्रंक भरत होती. मी सगळं सांगून टाकलं... बातमी आलीच नव्हती, मी खोटं बोललो, आणि तो शब्द परत परत येतोय. तिने लुगडं घडी करून ठेवलं. मला वाटलं शिव्या घालेल, हातातलं फेकून मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"आवस मेली तेवापण गावाक गेलंय नाय," ती आपल्या आईबद्दल म्हणाली. "तो इलो आणि दाराक कुलूप दिसला तर, म्हणान. आता तेका परत जितो करू नको. माका गावाक जाव दे."

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

काकी आता गावी असते. भाच्याच्या पोरांत रमली आहे म्हणतात. मेसेजची सोय मी काढून टाकली. पण अधूनमधून सिस्टीम उघडून बघावी लागते, कारण मंडळातल्या कोणी तो शब्द बघितला तर तिच्यापर्यंत जाईल. प्रत्येक वेळी 'येतलो' असतं. प्रत्येक वेळी मी 'मयत' करतो. लाज वाटते, तरी करतो.

कोणाला यामागचं कारण कळलं तर जरूर सांगा. सेटिंग तपास, बॅकअप बघ — हे सांगू नका, सगळं करून झालंय. मला कारण सापडलेलं नाही, आणि खरं म्हणजे आता शोधायची भीती वाटते. काकीने सही दिली तशी तिची चाळ पाडली. तिथे पत्रे लावलेत, आत खड्डा आहे. गोविंदकाका खरंच निघाले असतील, तर त्यांना यायला मी जागाच ठेवलेली नाही.