धारवाल्याची कबुली

धारवाल्याला फुशारकी मारायची सवय नव्हती, एक बाब सोडून. सुरीला धार लावून झाली की तिची पात तो अंगठ्याच्या नखावर हळूच टेकवून बघायचा आणि गिऱ्हाइकाला म्हणायचा, "जपून हं, बोट गेलं तर ते जोडून द्यायचं काम मी घेत नाही." गिऱ्हाईक हसायचं, तोही हसायचा. उभं आयुष्य त्याने सायकलवर बसवलेलं चाक पायाने फिरवत काढलं होतं. आपल्या हातासारखी धार दुसऱ्या कुणाला जमत नाही, एवढाच काय तो त्याला माज होता. या माजानेच त्याचा घात केला असं लोक नंतर म्हणाले. घात केला पोलिसांनी. पण गरिबावर काही ओढवलं की आधी त्याचीच चूक शोधायची, ही आपली जुनी खोड आहे.

झालं असं की बाजारात दिवसाढवळ्या मारामारी झाली आणि एका पोरसवद्या भाजीवाल्याच्या पोटात सुरा जाऊन तो जागीच मेला. सुरा कुणी मारला हे बाजारातल्या मांजरांनाही ठाऊक होतं. पण मारणारा पडला बड्या कंत्राटदाराचा भाचा. त्याला हात लावायची फौजदाराची छाती नव्हती, आणि वरून तर फोनावर फोन येत होते, काय कारवाई केली म्हणून. कारवाई दाखवणं भाग होतं. मग काय, चोर सोडून संन्याशाला फाशी.

धारवाला सकाळी सायकल हातात धरून, धार लावलेल्या वस्तू परत द्यायला निघाला होता. त्याची एक पद्धत होती. चाकू-सुऱ्या तो दारातच करून द्यायचा. पण नाजूक किंवा वेळखाऊ काम असलं की जिन्नस घरी न्यायचा, तेल घातलेल्या दगडावर निवांत घासायचा आणि सकाळी परत द्यायचा. चिठ्ठी नाही, पावती नाही. ज्याची वस्तू त्याच्याच घरच्या फडक्यात गुंडाळलेली असायची, आणि फडकं बघून तो मालक सांगायचा. त्या दिवशी पिशवीत खानावळीच्या आचाऱ्याचे सुरे होते, न्हाव्याचे वस्तरे होते, खाटकाचा सत्तूर होता आणि शिवणवाल्या मावशींची कापड बेतायची मोठी कात्री होती. हवालदाराने पिशवीत हात घातला आणि त्याचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा उजळला.

चौकीत फौजदार पहिल्यांदा गोड बोलला. बस म्हणाला, चहा मागवला. एक सुरा उचलून उजेडात धरला.

"धार तू लावलीस?"

"हो साहेब."

"चांगली आहे?"

आता हे धारवाल्याला विचारायचं? "चांगली म्हणजे काय साहेब! केस उभा चिरून दाखवतो."

"म्हणजे माणूस सहज मरेल?"

"माणसाचं काय घेऊन बसलात, बैल आडवा होईल!"

भाबडा बिचारा. त्याला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा कुणी साहेब आपल्या कामाची कदर करतोय. शेजारी बसलेला हवालदार मान खाली घालून भराभर लिहीत होता. सदर शस्त्रे प्राणघातक असल्याचे आरोपीने स्वखुशीने कबूल केले. स्वखुशीने! चहा पाजून काढलेल्या शब्दाला यांच्याकडे स्वखुशी म्हणतात.

मग टेबलावर पांढरी चादर अंथरली गेली, फोटोवाला आला, आणि आचाऱ्याचे सुरे नि न्हाव्याचे वस्तरे ओळीने मांडले गेले. फडकी बाजूला कोपऱ्यात फेकून दिली. फौजदार मांडणी बघत फिरत होता, तो एका हिरव्या मुठीच्या सुरीपाशी अडखळला. ती त्याच्याच स्वयंपाकघरातली होती. पार बोथटली म्हणून त्याच्या बायकोने आदल्या दिवशी खिडकीतून हाक मारून धारवाल्याला दिली होती. त्याने इकडे तिकडे बघितलं, सुरी उचलली आणि खणात टाकली.

धारवाल्याच्या जिवात जीव आला. "तेच तर सांगतोय साहेब! ती घरातली आहे हे जसं तुम्हाला कळलं, तशाच बाकीच्याही कुणाकुणाच्या घरातल्याच आहेत. मी मालक सांगतो, तुम्ही लिहून घ्या."

फौजदाराने त्याच्या कानाखाली अशी वाजवली की फोटोवालाही दचकला. मग सगळे छाती पुढे काढून सुऱ्यांमागे उभे राहिले आणि फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी तो पेपरात आला: शस्त्रसाठा जप्त. खाली धारवाला, चेहऱ्यावर फडकं टाकलेलं. कुणाचं फडकं होतं ते त्याने वासावरून ओळखलं होतं, न्हाव्याचं.

वकील त्याने शोधला नाही. वकीलच त्याला चिकटला. चौकीच्या दारात उभा असायचा, फौजदाराशी टाळी देऊन बोलायचा. कोठडीच्या गजांतून सह्या घेतल्या, जामीन करून दिला, आणि बाहेर आल्यावर म्हणाला, "हे बघ, हत्यारं बाळगल्याचा गुन्हा कबूल करून टाक. पहिलाच आहे, किरकोळ शिक्षेवर सुटशील. सुऱ्याबिऱ्या वितळवून टाकतील, चाक जप्त, विषय संपला."

"पण मी केलंय काय?"

"त्याच्याशी काय करायचंय?" वकील खरोखरच चकित झाला होता. "खरं काय झालं ते कोर्टात बघत नाहीत, कागदावर काय आहे ते बघतात."

आणि एवढ्यावर तो थांबला नाही. घरी जाऊन त्याने धारवाल्याच्या बायकोला घाबरवलं. नवऱ्याने हट्ट केला तर घराची झडती होईल म्हणाला, मुलगी नोकरी करते तिथे पोलीस चौकशीला जातील म्हणाला. आपल्याच अशिलाला शत्रूपेक्षा जास्त घाबरवणारा हा कसला वकील? पण असले पैशाला पासरी मिळतात. फौजदाराने पकडायचं, यांनी कबूल करवायचं, आणि दोघांच्याही खात्यावर एकेक प्रकरण निकाली. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणावं, तर इथे आंधळं असं कुणीच नव्हतं.

बायको रडून रडून सांगत होती, "हो म्हणा आणि मोकळे व्हा. पोरीकडे बघा हो."

"चाक गेलं तर जाऊ दे," तो म्हणाला. "पण मावशींची कात्री माझं हत्यार आहे असं मी सांगू? लोकांनी विश्वासाने हातात दिलेली वस्तू मी वितळवायला देऊ? उद्या कोण मला सुरी देईल, सांग."

तो दारोदार फिरला. आपली वस्तू आपली आहे एवढंच कोर्टात येऊन सांगा, म्हणाला. आचाऱ्याने हात जोडले. "काका, माझे सुरे गेले तरी चालतील, पण माझं नाव नको. चौकीचं जेवण आमच्याकडूनच जातं." न्हाव्याने समोरच्या गिऱ्हाइकाच्या गालावरचा साबण पुसत मान हलवली. खाटकाने दुकानाचं दार ओढून घेतलं. ही माणसं वाईट नव्हती, आणि म्हणूनच धारवाल्याला जास्त चीड आली. चांगल्या माणसांना इतकं भित्रं कुणी करून ठेवलं?

शिवणवाल्या मावशी म्हाताऱ्या, एकट्या, जिना चढताना दोनदा बसणाऱ्या. त्यांनी मशीन न थांबवता सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या कात्रीने कापड चावल्यासारखं कापलं जात होतं, ते त्याला दाखवलं. "बघते," म्हणाल्या, बस.

कोर्टात त्याचा पुकारा झाला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. पण ज्याला बखोटं धरून चढवतात त्याने काय करावं, हे काही कुणी सांगून ठेवलेलं नाही. वकिलाने उठून कोट सारखा केला. "आरोपीला गुन्हा कबूल आहे."

"नाही," धारवाला म्हणाला.

वकिलाने त्याची बाही ओढली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून बघितलं. "इथे तर लिहिलंय, या शस्त्रांनी माणूस मरेल असं तुम्हीच सांगितलंत."

"सांगितलं. धार कशी आहे विचारलं, मी धार सांगितली. सुऱ्या कुणाच्या आहेत ते मी सांगत होतो, तेव्हा मला मारलं." त्याचा आवाज चढला. "साहेब, माझी चूक असती तर मान्य केली असती. पण यांना खुनी पकडता येत नाही म्हणून मी गुन्हेगार व्हायचं का?"

"आवाज खाली," शिपाई ओरडला. फौजदार भिंतीला टेकून उभा होता, त्याने वकिलाकडे बघितलं. वकील हातातले कागद आवरायला लागला होता.

"या वस्तू दुसऱ्यांच्या आहेत, याला कुणी साक्षीदार?" न्यायाधीशांनी विचारलं.

धारवाल्याने मागे वळून बघितलंच नाही. बघून काय उपयोग, हे त्याला माहीत होतं.

"कात्री माझी आहे," मागून आवाज आला. मावशी बाक धरून उठत होत्या. "लग्नाच्या ऑर्डरी पडून आहेत. किती दिवस ठेवून घेणार?"

लोक हसले. न्यायाधीश हसले नाहीत. साक्ष साक्षीच्या वेळी होईल म्हणाले, गुन्हा नाकबूल अशी नोंद करा म्हणाले, आणि पुढची तारीख दिली, चांगली लांबची. चाक चौकीतच, कात्रीही चौकीतच. वकील त्याच्याकडे न बघता निघून गेला.

बाहेर व्हरांड्यात फौजदार मावशींच्या आडवा आला. खिशातून वही काढली. "आजी, नाव-पत्ता सांगा. आम्हाला यावं लागेल घरी. एकट्याच राहता ना?"

धारवाला मध्ये घुसला, "साहेब, जे काय आहे ते माझ्याशी—"

मावशींनी त्याला हाताने बाजूला केलं.

"लिही," त्या फौजदाराला म्हणाल्या. "शिंपी गल्ली, दुसरा मजला, जिन्याला कठडा नाही, सांभाळून चढ. आणि रिकाम्या हाताने येऊ नकोस. माझी कात्री घेऊन ये."