खाजकोलतीचं नाव

मामंजींच्या पायांवरची सूज उतरली तेव्हा सासूबाईंनी चाळभर साखर वाटली. नवरा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात पकडला गेला होता. लालबागच्या त्या खोलीत मामंजी, सासूबाई आणि मी. मी गिरगावातली, चार बुकं शिकलेली, त्यामुळे सासूबाईंना पहिल्या दिवसापासून खुपणारी.

मामंजी गिरणीत साचे चालवायचे. आता हृदय थकलं होतं. अंगात साठलेलं पाणी लघवीवाटे जावं म्हणून परळचे डॉक्टर इंजेक्शन देत होते. त्यातच सासूबाईंचा भाऊ गावाहून वाळक्या पाल्याचं पुडकं घेऊन आला. दोन्ही वेळा काढा करून द्यायचा, कशाचा ते विचारायचं नाही. पुडकं सोडताना माझ्या बोटांची आग आग झाली. खाजकोलती! माझ्या आजोळी कुंपणाला माजलेली असायची. मी हात झटकताना त्याने पाहिलं.

"वळाखलंस मा? कोणाक नाव सांगू नको. सांगलंस की गुण गेलो."

सूज उतरली खरी. पण मग मामंजी उठताना भोवंडून पडायला लागले. ओठ सुकलेले, पोटऱ्यांत गोळे. डॉक्टर आले, नाडी धरून बसले आणि मला म्हणाले, "एवढं पाणी माझ्या इंजेक्शनने जायला नको. दुसरं काही देताय का?"

सासूबाई दारात उभ्या होत्या. नजर माझ्यावर.

"नाही," मी म्हटलं.

काढ्यानेही अंगातलं पाणी जातंय, हे कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण उद्या गुण आला नाही तर खापर माझ्या डोक्यावर फुटणार, ही भीती. मेलं माझं शिक्षण! त्या एका शब्दाची लाज मला अजून वाटते.

आठवड्याभरात मामंजी गेले. काढ्यानेच गेले असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, हृदय मुळातच थकलेलं होतं. पण डॉक्टरांना कळतं तर त्यांनी तो काढा त्याच दिवशी बंद केला असता.

तेराव्याला नवरा सुटून आलेला होता. त्याच्यादेखत सासूबाई म्हणाल्या, "तूच डॉक्टराक नाव सांगलंस. म्हणान गेले ते."

मी देवाशपथ सांगितलं, अक्षर बोलले नाही. नवरा उठून बाहेर गेला.

डॉक्टरांशी खोटं बोलले, ते त्यांनी तिथल्या तिथे मानलं. घरात खरं बोलले, ते आजतागायत कुणी मानलेलं नाही.